गव्हाणीपासून कंट्रोल रूमपर्यंत: कारखान्यात ऑप्टिकल फायबर कसा जोडायचा

साखर कारखान्यात मिल हाऊस, बॉयलर, बॉयलिंग हाऊस, को-जन (वीजनिर्मिती) आणि वजनकाटा ही ठिकाणं एकमेकांपासून दोनशे-चारशे मीटरवर पसरलेली असतात. प्रत्येक ठिकाणी पीएलसीचं नाहीतर डीसीएसचं (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या नियंत्रण-संगणकाचं) पॅनेल असतं आणि सगळ्यांचा डेटा कंट्रोल रूममध्ये यावा लागतो. तांब्याच्या इथरनेट केबलची हमी १०० मीटरपर्यंतच. त्यात शेजारून मिलच्या मोठ्या ड्राइव्हच्या केबल गेलेल्या असतात, दोन इमारतींचं अर्थिंग सारखं नसतं, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळू शकतात. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून अंतर, विजेचा गोंगाट आणि अर्थिंग हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी सुटतात.

हा लेख आयटीआय किंवा डिप्लोमा करून इन्स्ट्रुमेंट विभागात नव्याने आलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून एकच लिंक धरू: मिल हाऊसच्या पीएलसी पॅनेलपासून को-जनच्या कंट्रोल रूमपर्यंत, ट्रेच्या मार्गाने ४२० मीटर. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. स्विचवरचा हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं, असं नाही. किती प्रकाश पोचतोय हे आकड्यात मोजलं आणि लिहून ठेवलं, म्हणजे काम झालं.

केबल कोणती घ्यायची

फायबरच्या मुख्य जाती दोन, सिंगलमोड आणि मल्टीमोड. दोन्हींत काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचाच असतो. फरक आतल्या गाभ्यात. सिंगलमोडचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, मल्टीमोडचा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा. सिंगलमोडवर १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, मल्टीमोडवर ८५० आणि १३००. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चालू पोर्टमध्ये किंवा कनेक्टरच्या तोंडात डोकावून 'येतोय का' ते कधीही बघू नका.

नवीन काम असेल तर सरळ सिंगलमोड, ओएस२ प्रतीची केबल घ्या. मल्टीमोडची मर्यादा वेग वाढला की एकदम जाणवते. १०० एमबीपीएसचं १००बेस-एफएक्स मल्टीमोडवर २ किलोमीटर जातं. तेच गिगाबिटचं १०००बेस-एसएक्स ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ केबलवर जेमतेम २७५ मीटर आणि ५० मायक्रॉनच्या ओएम२ वर ५५० मीटर. त्यामुळे वर्षानुवर्षं नीट चाललेली ४०० मीटरची जुनी ओएम१ लिंक स्विच बदलून गिगाबिट केली की चुका द्यायला लागते. प्रकाश पुरेसा पोचत असतो, पण त्याचे ठोके वाटेत पसरून एकमेकांत मिसळतात. पॉवर मीटर अशा वेळी सगळं ठीक असल्याचं दाखवतो आणि माणूस गोंधळतो.

सिंगलमोड आणि मल्टीमोड एकमेकांना जोडू नका, दोन मीटरच्या पॅचकॉर्डपुरतंही नाही. ५० मायक्रॉनच्या गाभ्यातून ९ मायक्रॉनच्या गाभ्यात शिरताना बहुतेक प्रकाश बाहेर सांडतो, उलट दिशेने मात्र फारसा सांडत नाही. म्हणून एका बाजूला लिंक दिसते, दुसऱ्या बाजूला नाही. पॅचकॉर्डच्या रंगावरून जात ओळखता येते: सिंगलमोड पिवळी, ओएम१ आणि ओएम२ नारिंगी, ओएम३ आणि ओएम४ फिकट निळसर-हिरवी, कधी ओएम४ जांभळटही. बाहेरची केबल मात्र बहुधा काळीच असते. तिथे आवरणावरची छपाई वाचण्याला पर्याय नाही.

काही ड्राइव्ह आणि रिमोट आयओ प्लास्टिकच्या फायबरसह येतात. त्याचा तंतू १ मिलिमीटर जाड असतो, प्रकाश लाल असतो आणि प्रोफिनेटमध्ये (कारखान्यांसाठीच्या इथरनेटच्या एका प्रकारात) तो ५० मीटरपर्यंत चालतो. ती पॅनेलच्या आसपासची सोय आहे. काचेच्या फायबरशी तिचा ॲडॅप्टर लावून मेळ बसत नाही.

बाहेरच्या मार्गासाठी जेली भरलेली, एचडीपीई आवरणाची, आर्मर्ड (संरक्षक कवचाची) युनिट्यूब (सगळे तंतू एकाच नळीत असलेली) केबल घ्या. लागणारे कोअर (केबलमधले काचेचे तंतू) दोन असले तरी १२ कोअरची घ्या. केबल ओढण्याची मजुरी तेवढीच पडते, आणि पुढे सीसीटीव्ही किंवा दुसरा पीएलसी आला की मोकळे कोअर सोन्यासारखे वाटतात. लोखंडी पट्टीचं आर्मर उंदरांपासून वाचवतं आणि गोडाचा वास असलेल्या कारखान्यात ही साधी गोष्ट नाही. पण लोखंड वीज वाहून नेतं. म्हणून आर्मर एकाच टोकाला हिरव्या-पिवळ्या वायरने अर्थ पट्टीला जोडा आणि दुसऱ्या टोकाला मागे कापून इन्सुलेट करा, नाहीतर फायबर टाकून जो फायदा मिळवला तोच आर्मर घालवेल. को-जनच्या स्विचयार्डजवळून मार्ग जात असेल तर काचेच्या धाग्यांचं आर्मर असलेली, धातू अजिबात नसलेली केबल निवडणं शहाणपणाचं.

एका लिंकचं सामान

४२० मीटरच्या मार्गाला साधारण ४६० मीटर केबल लागते: ५ टक्के वळणांसाठी आणि दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर राखीव. दोन्ही बाजूंना १२ पोर्टचा एलआययू (केबलचे तंतू जिथे पोर्टांना जोडले जातात तो डबा), स्प्लाइस ट्रेसह, म्हणजे वितळवून केलेले जोड ठेवायच्या तबकासह. पॅनेलमध्ये जागा कमी असेल तर डीन रेलवर बसणारा छोटा एलआययू मिळतो. प्रत्येक टोकाला १२ पिगटेल (एकाच बाजूला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) आणि १२ ॲडॅप्टर, म्हणजे एकूण चोवीस-चोवीस. ६० मिमीच्या स्प्लाइस स्लीव्ह (जोडावर बसणाऱ्या संरक्षक नळ्या) ३०, कारण पाच-सहा वाया जातातच. दोन मीटरच्या ड्युप्लेक्स पॅचकॉर्ड तीन आणि एसएफपी (स्विचच्या खाचेत बसणारे, प्रकाश पाठवणारे-घेणारे मॉड्यूल) तीन, यातला प्रत्येकी एक कपाटात. केबलच्या बाहेरच्या व्यासाला बसणारे दोन ग्लँड. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारे पुसणीचे कागद, आणि १.२५ मिमी व २.५ मिमीचे एकेक क्लिक-क्लीनर.

कनेक्टरमध्ये एलसीचा फेरूल (टोकाची तंतू धरणारी बारीक नळी) १.२५ मिमीचा, एससी आणि एसटीचा २.५ मिमीचा. एसएफपीला जवळजवळ नेहमी एलसी लागतो. जुन्या औद्योगिक स्विचवर आणि सिरीयल कन्व्हर्टरवर एसटी किंवा एससी सापडतो. दोन टोकांना वेगळे कनेक्टर असलेली पॅचकॉर्ड सहज मिळते, त्यामुळे तेवढ्यासाठी स्विच बदलायचं कारण नाही. रंगावर मात्र लक्ष ठेवा. निळा सिंगलमोड कनेक्टर म्हणजे यूपीसी, हिरवा म्हणजे एपीसी, ज्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. केबल टीव्ही आणि घरगुती इंटरनेटच्या कामातून उरलेल्या हिरव्या पिगटेल स्वस्तात पदरात पडतात. त्या निळ्यात घातल्या की दोन तोंडांमध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि फेरूलची तोंडंही खराब होतात. इथरनेटच्या कामात निळेच वापरा.

ओढण्याआधी कागदावरचा हिशोब

हा हिशोब दहा मिनिटांचा आहे आणि पुढे दोन दिवस वाचवतो. १०००बेस-एलएक्स एसएफपीच्या डेटाशीटवर पाठवण्याची ताकद बहुधा −९.५ ते −३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक; वाटेतली घट डीबीत मोजतात) दिलेली असते आणि घेण्याची मर्यादा −२० डीबीएमच्या आसपास. म्हणजे वाईटात वाईट जोडीतही १०.५ डीबी खर्चायला हाताशी आहेत.

आता खर्च. सिंगलमोडला १३१० वर किलोमीटरमागे ०.४ डीबी धरा, ४२० मीटरला ०.१७. दोन टोकांचे दोन स्प्लाइस, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.२. दोन एलआययूतल्या दोन कनेक्टर जोड्या, प्रत्येकी ०.५, म्हणजे १. बेरीज १.४ डीबीच्या आत. त्यावर म्हातारपण आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी ३ डीबी ठेवले तरी भरपूर उरतात.

यातून हाती लागणारा खरा उपयोगी आकडा वेगळाच आहे. सगळं नीट असेल तर पलीकडे पोचणारा प्रकाश −४.४ ते −१०.९ डीबीएमच्या दरम्यानच असायला हवा. समजा तो −१७ आला. स्विच तक्रार करणार नाही, दिवाही हिरवा राहील. पण ६ डीबी कुठेतरी गळताहेत, आणि ती गळती आज शोधायची की ऐन गळीत हंगामात रात्री दोन वाजता, एवढंच ठरवायचं असतं.

उलटी चूकही होते. दुकानात हाताला लागला म्हणून ८० किलोमीटरचा एसएफपी ४२० मीटरवर लावतात. त्याची ताकद ० ते ५ डीबीएम असते आणि बहुतेक रिसीव्हर −३ च्या वर भाजून निघतात. असा एसएफपी लावायचाच असेल तर मध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर हवा. खरं तर तो परत करून १० किलोमीटरचा आणावा.

केबल टाकताना

हे काम ऑफ-सीझनमध्येच उरका. गव्हाणीत मोळी पडली की मिल थांबवून ट्रे उघडू देणारा कोणी भेटत नाही. फायबरला विजेचा गोंगाट लागत नाही म्हणून लोक तो पॉवर केबलच्याच ट्रेमध्ये टाकतात. प्रश्न गोंगाटाचा नाही, वजनाचा आहे. पुढच्या वर्षी कोणीतरी त्याच ट्रेमधून जाड पॉवर केबल ओढतो आणि फायबर चेपतो. वेगळा ट्रे नसेल तर निदान एचडीपीई डक्टमधून न्या.

ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या २० पटींपेक्षा कमी होऊ देऊ नका. बसवल्यावर १० पट चालते. १२ मिमीच्या केबलला म्हणजे अनुक्रमे २४० आणि १२० मिमी. ओढ मजबुतीच्या घटकांवर पडली पाहिजे, नुसत्या आवरणावर नाही, आणि ती डेटाशीटमधल्या आकड्याच्या आत हवी. जीपला किंवा चेनपुलीला बांधून केबल ओढू नका. ड्रमवरून ती बाजूने न काढता ड्रम फिरवून उलगडा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला एक पीळ पडतो. आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचा आकडा वहीत लिहा. पुढे ओटीडीआरने (प्रकाशाचा ठोका पाठवून बिघाडाचं अंतर सांगणाऱ्या यंत्राने) '२८७ मीटरवर तुटलंय' म्हटलं की तीच नोंद तुम्हाला नेमक्या खांबापर्यंत नेईल.

मार्गात सांधा घ्यावाच लागला तर क्लोजर (सांध्यावरचा बंद डबा) चेंबरच्या तळाला ठेवू नका. भिंतीला, पावसाच्या पाण्याच्या पातळीच्या वर टांगा.

स्प्लायसिंग

पिगटेल म्हणजे एका टोकाला बनवणाऱ्या कंपनीतच बसवलेला कनेक्टर आणि दुसरं टोक मोकळं. ते मोकळं टोक केबलच्या कोअरला स्प्लायसिंग मशीनने वितळवून जोडायचं. जागेवर बसवायचे यांत्रिक कनेक्टरही मिळतात. तातडीच्या दुरुस्तीला ते ठीक आहेत, पण कंप आणि उष्णता असलेल्या मिल हाऊसच्या पॅनेलमध्ये कायमचे म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

बसण्याची जागा आधी नीट करा. बगॅसचा भुसा हवेत असताना उघड्यावर स्प्लाइस करणं म्हणजे मशीनच्या खाचेत कचरा भरणं. दार बंद करा, पंखा बंद करा, टेबलावर काळं कापड पसरा. काळ्यावर काचेचे तुकडे दिसतात. प्रत्येक तुकडा झाकणाच्या बाटलीत टाका. १२५ मायक्रॉनची काच बोटात गेली की दिसत नाही, निघत नाही. टेबलावर चहा-नाश्ता तर अजिबात नको.

१. ग्लँडमधून केबल आत घ्या आणि १.५ मीटरवर खूण करून आवरण काढा. आर्मरची कडा धारदार असते, तिच्यावर टेप गुंडाळा. मजबुतीचे घटक एलआययूच्या क्लँपमध्ये आवळा. ओढ पडली तर ती इथे थांबली पाहिजे, काचेपर्यंत जाता कामा नये.

२. ट्यूब कापून ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर आत येईल एवढी ठेवा. टाय सैल बांधा. ट्यूब चेपली तर आतले सगळे कोअर दाबले जातात.

३. जेली पुसा. त्यासाठी जेली-रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल वापरा. पेट्रोल आणि थिनर नको, त्यांनी तंतूवरचं कोटिंग बिघडतं.

४. कोअर रंगांच्या क्रमाने लावा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळसर-हिरवा. दोन्ही टोकांना निळा म्हणजे पोर्ट १. हा क्रम मोडायचा नाही.

५. स्लीव्ह आधी ओवा. स्प्लाइस झाल्यावर ती घालता येत नाही आणि चांगला जोड तोडावा लागतो. नवशिक्याकडून सगळ्यात जास्त वेळा हीच चूक होते.

६. स्ट्रिपरच्या योग्य खाचेने ३० ते ४० मिमी कोटिंग काढा. केबलच्या कोअरचं कोटिंग २५० मायक्रॉनचं असतं, ते एका ओढीत निघतं. पिगटेलचं ९०० मायक्रॉनचं आवरण थोडं थोडं करून काढा, एकदम ओढलं तर काच तुटते.

७. अल्कोहोलच्या कागदाने काच दोन-तीनदा पुसा. स्वच्छ झाली की बारीक चीं असा आवाज येतो. यानंतर काचेला बोट नाही, आणि क्लीव्ह केल्यावर (काच सरळ कापल्यावर) पुसायचंही नाही.

८. क्लीव्हरने कापा. तोंडाचा कोन १ अंशाच्या आत हवा, मशीन तो दाखवते. सारखे वाईट कोन येत असतील तर पातं फिरवायची वेळ झाली आहे.

९. दोन्ही टोकं मशीनच्या खाचेत ठेवा, टोकं कशालाही न टेकवता. झाकण लावा आणि आर्क द्या. मशीन दाखवते तो लॉस अंदाज असतो. तरी ०.०५ च्या वर आला तर पुन्हा करा. जागा बदलली, हवा दमट झाली की आधी आर्क कॅलिब्रेशन करून घ्या.

१०. स्लीव्ह जोडाच्या मधोमध आणून हीटरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर थंड होऊ द्या आणि मग ट्रेच्या खाचेत बसवा. उरलेला फायबर ट्रेमध्ये मोठ्या वेटोळ्यांत फिरवा, ३० मिमीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण कुठेच नको.

बारा कोअर असले तरी बाराच्या बारा आजच स्प्लाइस करा. 'नंतर करू' म्हणून सोडलेले कोअर ट्रे पुन्हा उघडताना चालू लिंक तोडतात.

पुसल्याशिवाय जोडायचं नाही

फायबरच्या कामातला सर्वांत मोठा शत्रू घाण आहे. गाभा ९ मायक्रॉनचा, आणि हवेतला धुळीचा कण सहज तेवढा असतो. तो दोन फेरूलच्या मध्ये आला की प्रकाश अडतो. शिवाय दाबाखाली काचेवर ओरखडा पडतो आणि तो पुसून जात नाही. म्हणून क्रम ठरलेला: सूक्ष्मदर्शकाने बघा, पुसा, पुन्हा बघा, मगच जोडा. नवीन पाकिटातून काढलेली पॅचकॉर्डही पुसा. टोपी लावलेला कनेक्टर स्वच्छ असतो हा समज चुकीचा आहे, टोपीच्या आतलाच कचरा त्याला लागतो.

शर्टाला पुसणं, तोंडाने फुंकणं, बोटाने साफ करणं हे सगळं वर्ज्य. एलआययूच्या ॲडॅप्टरच्या आतलं पिगटेलचं तोंडही क्लिक-क्लीनर घालून पुसा. पॅचकॉर्ड पुसतात आणि पलीकडचं तोंड तसंच ठेवतात, मग घाण पुन्हा पॅचकॉर्डला लागते. एसएफपीच्या तोंडात कोरडा क्लीनरच वापरा, अल्कोहोल ओतू नका.

एसएफपी, पोर्ट आणि टीएक्स-आरएक्स

पॅनेलमध्ये बसवायचा एसएफपी औद्योगिक तापमानाचा घ्या, −४० ते ८५ अंशांचा. ऑफिसमधला साधा एसएफपी ० ते ७० अंशांचा असतो. मे महिन्यात बॉयलरशेजारच्या बंद पॅनेलमध्ये तो दुपारी रुसतो, रात्री चालतो, आणि असा बिघाड शोधताना जीव मेटाकुटीला येतो. प्लास्टिकचे, भिंतीच्या ॲडॅप्टरवर चालणारे मीडिया कन्व्हर्टरही याच कारणाने पॅनेलमध्ये नकोत. कन्व्हर्टर लागलाच तर २४ व्होल्ट डीसीवर चालणारा, डीन रेलवरचा आणि लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेला घ्या. ती सोय नसेल तर फायबर तुटला तरी तांब्याच्या बाजूचा दिवा चालू राहतो आणि स्विचला तुटल्याचं कळतच नाही.

दोन्ही टोकांचे एसएफपी वेगाने आणि तरंगलांबीने सारखे हवेत. तांब्यासारखं इथे १०० आणि १००० चं आपोआप जुळत नाही. १००बेस-एफएक्स १३०० नॅनोमीटरवर बोलतो, १०००बेस-एसएक्स ८५० वर, त्यांची लिंक लागणारच नाही. एकाच कोअरवर चालणारे बायडाय एसएफपी मात्र मुद्दाम वेगळे असतात: एका टोकाला १३१० पाठवणारा, दुसऱ्या टोकाला १५५० पाठवणारा. ते जोडीनेच घ्या. एकाच जातीचे दोन लावले तर लिंक येत नाही.

टीएक्सचा (पाठवणाऱ्या तोंडाचा) प्रकाश पलीकडच्या आरएक्सवर (घेणाऱ्या तोंडावर) गेला पाहिजे. आपली केबल सरळ आहे, निळा दोन्हीकडे पोर्ट १. म्हणून नियम असा करा: मिल हाऊसमध्ये टीएक्स पोर्ट १ ला आणि आरएक्स पोर्ट २ ला, को-जनमध्ये आरएक्स पोर्ट १ ला आणि टीएक्स पोर्ट २ ला. ड्रॉइंगवरही हेच लिहा. शंका आली तर पॉवर मीटर लावा. ज्या टोकातून प्रकाश येतोय ते आरएक्सला. एलसीच्या ड्युप्लेक्स क्लिपमधून दोन कनेक्टर काढून अदलाबदल करता येते. बसवताना टक् असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेला एलसी मिलच्या कंपाने आठवड्याभरात मागे सरकतो.

मोजणी

स्विचला जोडण्याआधी तीन पायऱ्या. पहिली, लाल प्रकाशाच्या पेनने प्रत्येक कोअर निळ्यापासून शेवटपर्यंत तपासा. ट्रेमध्ये कुठे लाल चमकलं तर तिथे वळण आवळलंय किंवा काच तुटली आहे. दुसरी, लाइट सोर्स आणि पॉवर मीटर. आधी दोन्ही एका पॅचकॉर्डने जोडून मीटर शून्यावर आणा. ती पॅचकॉर्ड सोर्सवरून काढू नका. मग दुसरी पॅचकॉर्ड पलीकडे लावून प्रत्येक कोअर १३१० आणि १५५० दोन्हींवर मोजा. आपल्या हिशोबाप्रमाणे १.४ डीबीच्या आत यायला हवा. १३१० वर ठीक आणि १५५० वर बराच जास्त आला तर कुठेतरी तीव्र वळण आहे, कारण वळणाचा फटका लांब तरंगलांबीला जास्त बसतो. घाण असेल तर दोन्हींवर सारखाच वाढतो.

तिसरी पायरी ओटीडीआर. सुरुवातीला लाँच केबल (फायबरचं जादा वेटोळं) लावा, नाहीतर पहिला कनेक्टर यंत्राच्या आंधळ्या पट्ट्यात लपतो. दोन्ही बाजूंनी मोजा आणि आलेख जपून ठेवा. पलीकडे स्विच जोडलेला असताना ओटीडीआर कधीही चालवू नका, त्याच्या ठोक्याने रिसीव्हर जाऊ शकतो.

रिंग बंद करताना

कारखान्यात स्विच बहुधा रिंगमध्ये जोडतात, एक केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा जावा म्हणून. आधी सगळ्या स्विचवर रिंगचा प्रोटोकॉल चालू करा, शेवटची पॅचकॉर्ड त्यानंतरच लावा. उलट केलं तर पॅकेट रिंगमध्ये फिरत राहतात, काही सेकंदांत नेटवर्क भरतं आणि सगळे पीएलसी एकदम संपर्क गमावतात. एमआरपी हा रिंगचा प्रोटोकॉल ५० स्विचपर्यंतच्या रिंगमध्ये २०० मिलिसेकंदांत सावरतो. मॅनेजर एकच स्विच ठेवायचा, बाकी क्लायंट. आणि रिंगचे जाणारे-येणारे दोन्ही मार्ग एकाच ट्रेमधून नेऊ नका. रिंग कागदावर राहते आणि एका जेसीबीच्या दातात दोन्ही बाजू एकदम तुटतात.

लिंक येत नाही किंवा टिकत नाही तेव्हा

दोन्हीकडे अंधार असेल तर टीएक्स-आरएक्स अदलाबदल, मग वेग, मग एसएफपीची जात, याच क्रमाने बघा. एका बाजूला दिवा आणि दुसरीकडे नाही, तर एकच कोअर गेलेला आहे किंवा मध्ये चुकीच्या जातीची पॅचकॉर्ड आहे. अर्धवट लिंक रिंगमध्ये विशेष घातक असते. एका बाजूच्या स्विचला मार्ग चालू वाटतो, दुसऱ्याला बंद, आणि रिंगचा निर्णय चुकू शकतो. असा पोर्ट दोन्हीकडून बंद करून मगच दुरुस्ती करा.

लिंक आहे पण स्काडावर (कंट्रोल रूममधल्या देखरेखीच्या पडद्यावर) मधूनच लाल पट्टी येते, तर स्विचच्या पानावर पोर्टचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांची संख्या) बघा. एरर वाढत असतील आणि आरएक्स पॉवर कमी असेल तर दोन्ही तोंडं पुसा. पॉवर उत्तम असूनही एरर वाढत असतील तर मल्टीमोडची मर्यादा ओलांडली आहे का, किंवा रिसीव्हरवर जास्त प्रकाश पडतोय का, ते तपासा. डीडीएम (स्वतःची मोजणी करायची सोय) असलेला एसएफपी आरएक्स पॉवर स्वतःच सांगतो. −४० किंवा त्याच्या आसपासचा आकडा म्हणजे प्रकाश अजिबात नाही. पॅनेलचं दार लावलं की लिंक जाते आणि उघडलं की येते, तर पॅचकॉर्ड दारात चेपते आहे.

सगळं चालू झालं की न वापरलेल्या प्रत्येक ॲडॅप्टरला आणि पोर्टला टोपी लावा, ग्लँडची आणि ट्रेची भोकं डक्ट-सीलने बुजवा आणि दोन्ही टोकांना एकसारखी लेबलं चिकटवा. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लावा: कोअरचा रंग, पोर्ट, १३१० आणि १५५० चा लॉस, दोन्ही एसएफपींची आरएक्स पॉवर, तारीख. दरवर्षी बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी स्विचवरून तेच आकडे पुन्हा वाचून त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यात लिहा. कुठला आकडा २ डीबीने घसरलेला दिसला तर ती लिंक चालू असली तरी उघडा, पुसा आणि परत मोजा.